‘बाय फ्रायडे’ आणि ‘अनटिल फ्रायडे’ यांत फरक काय?

प्रश्न असा आहे: ‘बाय’ आणि ‘अनटिल’ (किंवा ‘टिल’) या दोन्हींचा वेळेच्या संदर्भातला अर्थ मराठीत ‘पर्यंत’ असाच सांगितला जातो. मग ‘प्लीज सबमिट द रिपोर्ट अनटिल फ्रायडे’ हे वाक्य चूक का ठरते, आणि कोणता शब्द कुठे वापरायचा हे ओळखायचे कसे?

आधी थेट उत्तर. ‘बाय’ म्हणजे ती वेळ उलटण्याआधी केव्हातरी काम होऊन जाणे. ‘अनटिल’ म्हणजे एखादी स्थिती किंवा क्रिया त्या वेळेपर्यंत सलग चालू राहणे आणि मग थांबणे किंवा बदलणे. ही दोन वाक्ये शेजारी ठेवा: ‘यू कॅन कीप द बुक अनटिल मंडे’ आणि ‘रिटर्न द बुक बाय मंडे’. पुस्तक तेच, सोमवारही तोच. पण पुस्तक जवळ ठेवणे ही सोमवारपर्यंत चालत राहणारी गोष्ट आहे, म्हणून ‘अनटिल’. परत करणे ही एकदाच घडणारी गोष्ट आहे. शनिवारी करा, रविवारी करा, सोमवार उलटू देऊ नका, म्हणून ‘बाय’. आता प्रश्नातले वाक्य पुन्हा वाचा. ‘सबमिट’सोबत ‘अनटिल फ्रायडे’ आले की इंग्रजी कानाला ते ‘शुक्रवारपर्यंत अहवाल देत राहा’ असे ऐकू येते. समोरचा तुमचा हेतू अंदाजाने ओळखतो, पण वाक्य तसे म्हणत नाही.

गोंधळाचे मूळ मराठीच्या रचनेत आहे. आपला ‘पर्यंत’ फक्त हद्द दाखवतो. त्या हद्दीच्या अलीकडे काही सलग चालले आहे की एकदाच काही उरकायचे आहे, हे आपण क्रियापदावरून समजून घेतो. ‘पाचपर्यंत थांब’ आणि ‘पाचपर्यंत ये’ यांत आपल्याला कधीच घोटाळा होत नाही, कारण थांबणे लांबते आणि येणे एका क्षणात होते. इंग्रजीत मात्र हा निवाडा ‘पर्यंत’च्या जागी येणाऱ्या शब्दातच करावा लागतो. जर्मन भाषेतही दोन्हींसाठी ‘बिस’ हा एकच शब्द आहे आणि जर्मन भाषकांची इंग्रजी नेमकी याच ठिकाणी अडखळते. म्हणून भाषांतर करताना ‘पर्यंत’कडे बघून उपयोग नाही, क्रियापदाकडे बघा.

हे ओळखण्याची उत्तम साधने मराठीतच आहेत. पहिले साधन म्हणजे ‘च्या आत’ किंवा ‘उशिरात उशिरा’. ‘पर्यंत’ काढून त्या जागी हे घालून पाहा. ‘शुक्रवारच्या आत पैसे भरा’, ‘उशिरात उशिरा शुक्रवारी पैसे भरा’ हे बरोबर वाटते, तेव्हा इंग्रजीत ‘बाय’. ‘उशिरात उशिरा पाचला थांब’ म्हटले की अर्थच बदलतो, तेव्हा तिथे ‘अनटिल’.

दुसरे साधन मला अधिक भरवशाचे वाटते. मराठी संयुक्त क्रियापदे हा फरक आपणहून दाखवतात. ‘दहापर्यंत वाचत बस’ आणि ‘दहापर्यंत वाचून काढ’ ही दोन वाक्ये घ्या. ‘-त बस’, ‘-त राहा’ ही रूपे जिथे नैसर्गिक वाटतात तिथे ‘रीड अनटिल टेन’. ‘-ऊन टाक’, ‘-ऊन काढ’, ‘-ऊन ठेव’ ही रूपे जिथे शोभतात तिथे ‘रीड इट बाय टेन’. मनातल्या मनात वाक्याला यांतले एक शेपूट जोडा. ‘उद्यापर्यंत कळवत राहा’ म्हणायचे आहे की ‘उद्यापर्यंत कळवून टाका’? दुसरे असेल तर ‘लेट मी नो बाय टुमॉरो’.

काही क्रियापदांचा कल ठरलेला आहे. ‘वेट’, ‘स्टे’, ‘रिमेन’, ‘कंटिन्यू’, ‘कीप’, ‘स्लीप’ यांच्यासोबत साधारणपणे ‘अनटिल’ येते. ‘फिनिश’, ‘सबमिट’, ‘अराइव्ह’, ‘रिटर्न’, ‘डिसाइड’, ‘रिप्लाय’, ‘डिलिव्हर’ यांच्यासोबत ‘बाय’. पण यादी पाठ करण्यात फार वेळ घालवू नका, कारण बरीच क्रियापदे दोन्हीकडे चालतात आणि खरी मेख तिथेच आहे. एका सूचनेत एकाखाली एक अशा दोन ओळी असू शकतात: ‘अ‍ॅप्लिकेशन्स विल बी अ‍ॅक्सेप्टेड अनटिल 30 जून’ आणि ‘सबमिट युअर अ‍ॅप्लिकेशन बाय 30 जून’. दोन्ही अचूक आहेत. पहिली ओळ कार्यालयाच्या बाजूने बोलते: अर्ज घेण्याचे काम 30 जूनपर्यंत रोज सुरू राहील. दुसरी अर्जदाराच्या बाजूने बोलते: तुमचा एक अर्ज त्या तारखेच्या आत येऊ द्या. सूचना लिहिणारे या दोन ओळींची सरमिसळ करतात आणि ‘सबमिट अनटिल’ जन्माला येते.

आता थोडे खोल. ‘बाय’ फक्त क्षणिक क्रियांसोबतच येते असा नियम काही ठिकाणी सांगतात, तो अपुरा आहे. ‘बाय’ स्थितीसोबतही येते, आणि तेव्हा अर्थ पार उलटा होतो. ‘ही वॉज अस्लीप बाय टेन’ म्हणजे दहाच्या आत केव्हातरी त्याला झोप लागली होती आणि दहा वाजता तो झोपेत होता. ‘ही वॉज अस्लीप अनटिल टेन’ म्हणजे दहा वाजेपर्यंत झोपून होता, मग जागा झाला. एकात दहाला झोप सुरू झालेली आहे, दुसऱ्यात दहाला ती संपते. मराठीत ‘दहापर्यंत तो झोपला होता’ असे लिहिले तर यांतले कोणते, ते पुढचे-मागचे वाक्य वाचल्याशिवाय सांगता येत नाही. तसेच ‘द ऑफिस इज ओपन बाय नाइन’ म्हणजे नऊच्या आत उघडलेले असते, आणि ‘ओपन अनटिल नाइन’ म्हणजे नऊला बंद होते. सूत्र असे लक्षात ठेवा: ‘बाय’ दिलेल्या क्षणी काय झालेले आहे ते सांगते, ‘अनटिल’ त्या क्षणी काय संपते ते सांगते.

नकार आला की अवघड वळण लागते. एखादी गोष्ट न घडणे हीसुद्धा लांबणारी स्थिती आहे. त्यामुळे ‘अराइव्ह’सारखे एका क्षणाचे क्रियापदही ‘नॉट’ लागल्यावर ‘अनटिल’सोबत चालते. ‘द डॉक्टर डिडन्ट अराइव्ह अनटिल एट’ हे वाक्य बरोबर आहे, पण त्याचा अर्थ नीट पाहा: डॉक्टर आले, आणि आठ वाजले तेव्हा कुठे आले. उलट ‘द डॉक्टर हॅड नॉट अराइव्हड बाय एट’ म्हणजे आठ वाजले तरी डॉक्टरांचा पत्ता नव्हता. ते पुढे आले की आलेच नाहीत, हे वाक्य सांगत नाही. मराठीतले ‘आठपर्यंत डॉक्टर आले नाहीत’ हे वाक्य दोन्हींसाठी चालते. घडलेल्या प्रकाराचा अहवाल, जबाब किंवा तक्रारीचे भाषांतर करताना हा फरक शब्दशः महत्त्वाचा आहे. मूळ मराठीत डॉक्टर नंतर आल्याचे कुठेच म्हटलेले नसेल आणि तुम्ही ‘डिडन्ट अराइव्ह अनटिल एट’ लिहिलेत, तर ते आठला आले ही माहिती तुम्ही आपल्या पदरची घातली. अशा वेळी ‘हॅड नॉट अराइव्हड बाय एट’ हेच सुरक्षित. मूळ वाक्यात ‘आठ वाजता एकदाचे आले’ असा भाव असेल तर मात्र ‘नॉट अनटिल’च हवे, ते ‘तेव्हा कुठे’ या आपल्या शब्दप्रयोगाशी अगदी तंतोतंत जुळते.

सूचना देतानाही हा फरक जपावा लागतो. ‘रिमूव्ह द बँडेज बाय फ्रायडे’ म्हणजे पट्टी शुक्रवारच्या आत काढा. ‘डोन्ट रिमूव्ह द बँडेज अनटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार येईपर्यंत तिला हात लावू नका. पहिल्या सूचनेप्रमाणे बुधवारी पट्टी काढणारा योग्य वागतो, दुसऱ्या सूचनेप्रमाणे तोच चुकतो.

यानंतर मराठी माणसाची सर्वांत हमखास चूक येते, आणि तिच्यावर जरा वेळ थांबू. ‘अनटिल यू डोन्ट पे, वी विल नॉट स्टार्ट द वर्क.’ हे वाक्य ‘जोपर्यंत तुम्ही पैसे देत नाही, तोपर्यंत आम्ही काम सुरू करणार नाही’ याची सरळ नक्कल आहे. मराठीत हे निर्दोष, इंग्रजीत चूक. कारण ‘जोपर्यंत’ आणि ‘अनटिल’ एकाच कालखंडाकडे वेगवेगळ्या टोकांनी पाहतात. ‘जोपर्यंत’ कालखंडाच्या आतल्या परिस्थितीचे वर्णन करतो: त्या काळात पैसे दिलेले नाहीत, म्हणून तिथे ‘नाही’ लागतो. ‘अनटिल’ त्या कालखंडाचा शेवट कोणत्या घटनेने होतो ते सांगतो: पैसे देणे ही घटना घडते आणि कालखंड संपतो, म्हणून तिथे ‘नॉट’ येत नाही. बरोबर वाक्य ‘अनटिल यू पे, वी विल नॉट स्टार्ट द वर्क’.

सोपी युक्ती अशी की इंग्रजी वाक्य जुळवण्याआधी मराठीतले ‘जोपर्यंत… नाही’ मोडून ‘-ईपर्यंत’ करून घ्यायचे. ‘तुम्ही पैसे देईपर्यंत’, ‘हिरवा दिवा लागेपर्यंत’, ‘दाब उतरेपर्यंत’. या रूपात नकार आपोआप गळून पडतो आणि ‘अनटिल’ सरळ बसते: ‘डोन्ट ओपन द व्हॉल्व्ह अनटिल द प्रेशर ड्रॉप्स.’ इथे ‘अनटिल द प्रेशर डझन्ट ड्रॉप’ असे कोणी लिहिले, तर इंग्रजी वाचणारा सूचना दोनदा वाचतो आणि तरी त्याची खात्री होत नाही. यंत्राच्या पुस्तिकेत असा गोंधळ परवडत नाही.

‘जोपर्यंत’नंतर नकार नसेल तर? ‘जोपर्यंत मी इथे आहे, तोपर्यंत काळजी करू नका.’ याला ‘अनटिल आय अ‍ॅम हिअर’ म्हटले की अर्थ उलटतो, ‘मी इथे असेन तो क्षण येईपर्यंत’ असा काहीसा निघतो. इथे ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय अ‍ॅम हिअर’ हवे. खरे तर ‘जोपर्यंत’चा सर्वांत जवळचा इंग्रजी जोडीदार ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’ हाच आहे. नकार ठेवायचाच असेल तर ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज यू डोन्ट पे’ असे लिहिता येते.

याच्याच शेजारी ‘अनलेस’ बसलेला असतो. ‘त्याने माफी मागितल्याशिवाय मी सही करणार नाही’ याची दोन भाषांतरे होतात. ‘आय वोन्ट साइन अनटिल ही अपॉलोजाइझेस’ यात माफी मागितली जाईल असे गृहीत आहे, तोवर थांबणे चालू आहे. ‘अनलेस ही अपॉलोजाइझेस’ यात ती नुसती अट आहे. कदाचित तो कधीच माफी मागणार नाही आणि सही कधीच होणार नाही. वाटाघाटीच्या पत्रात यांतला कोणता शब्द लिहिला यावरून समोरचा तुमची तयारी जोखतो, तेव्हा निवड विचारपूर्वक करा. ‘अनलेस’च्या पोटातही नकार आधीच आहे, त्यामुळे ‘अनलेस ही डझन्ट’ हीसुद्धा त्याच जातीची चूक.

आता ‘-ईपर्यंत’चाच दुसरा उपयोग. ‘तो येईपर्यंत आम्ही थांबलो’ आणि ‘तो येईपर्यंत गाडी निघून गेली होती’. पहिल्यात थांबणे लांबले, म्हणून ‘वी वेटेड अनटिल ही केम’. दुसऱ्यात गाडी सुटण्याची घटना त्याच्या येण्याआधी उरकली, म्हणून ‘बाय’च्या बाजूचे काहीतरी हवे. पण ‘बाय’नंतर असे पूर्ण उपवाक्य ठेवता येत नाही; ‘बाय ही केम’ चालत नाही. तिथे ‘बाय द टाइम’ लागते: ‘बाय द टाइम ही केम, द ट्रेन हॅड लेफ्ट.’ ‘अनटिल’ला ही अडचण नाही, त्याच्यानंतर नाम आणि उपवाक्य दोन्ही चालतात. ‘अनटिल द टाइम ही केम’ अशी लांबण लावायची गरज नसते.

काळाबद्दल दोन गोष्टी. भविष्याविषयी बोलतानाही ‘अनटिल’ आणि ‘बाय द टाइम’ यांच्या उपवाक्यात ‘विल’ येत नाही: ‘वेट अनटिल ही कम्स’, ‘अनटिल ही विल कम’ असे नाही. आणि ‘बाय’ असलेल्या वाक्याच्या मुख्य भागात ‘हॅड’ किंवा ‘विल हॅव’ची पूर्ण रूपे वारंवार दिसतात: ‘बाय नेक्स्ट मंथ वी विल हॅव फिनिश्ड द वर्क.’ हे स्वाभाविक आहे, कारण ‘बाय’ त्या क्षणी उभे राहून मागे वळून ‘काय होऊन गेले’ ते मोजते. मराठीतल्या ‘झालेले असेल’, ‘झाले होते’ या रूपांकडे लक्ष ठेवा. ती दिसली की बहुधा ‘बाय’.

हद्दीचा दिवस धरायचा की सोडायचा, यावरून प्रत्यक्ष व्यवहारात सर्वांत जास्त वाद होतात. ‘बाय फ्रायडे’मध्ये सर्वसाधारण वापरात शुक्रवार धरलेला असतो, शुक्रवारी दिलेले काम वेळेत दिलेले समजतात. ‘बिफोर फ्रायडे’ म्हणजे गुरुवारच शेवटचा. ‘अनटिल फ्रायडे’ मात्र खरोखर संदिग्ध आहे. ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह अनटिल फ्रायडे’ वाचून काहीजण शुक्रवारी सकाळी तुमची वाट बघतील आणि काहीजण सोमवारी. यावर वाद घालून हाती काही लागत नाही, वाक्य बदला: ‘आय विल बी बॅक ऑन फ्रायडे’ किंवा ‘आय अ‍ॅम ऑन लीव्ह अप टू अँड इन्क्लूडिंग फ्रायडे’. अमेरिकन वापरात याच अर्थाने ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात आणि त्यात शुक्रवार नक्की धरलेला असतो, पण इतरत्र सर्वांना ते चटकन कळेलच असे नाही.

मुदत लिहिताना नुसता वार देऊन थांबू नका. ‘बाय फ्रायडे’ म्हणजे कार्यालय बंद होईपर्यंत की रात्री बारापर्यंत, हे वाक्यात नाही. ‘बाय 5 पीएम ऑन फ्रायडे, 30 जून’ असे वेळ, वार आणि तारीख मिळून लिहा. माणसे वेगवेगळ्या देशांत असतील तर कुठली वेळ तेही जोडा. ‘बाय मिडनाइट ऑन 30 जून’ हे विशेष टाळा. ती मध्यरात्र 30 तारीख सुरू होतानाची की संपतानाची, यावर दोन माणसांचे दोन अर्थ होतात. ‘11.59 पीएम’ लिहिले की प्रश्नच मिटतो.

‘बाय’ला वेळेचा ठरावीक बिंदू लागतो: वार, तारीख, तास. कालावधी द्यायचा असेल तर ‘विदिन’: ‘विदिन टू डेज’, ‘बाय टू डेज’ नाही. आपला ‘आत’ दोन्हीकडे चालतो (‘शुक्रवारच्या आत’, ‘दोन दिवसांच्या आत’) म्हणून इथे हात घसरतो. ‘इन टू डेज’ आणखी वेगळे: ‘आय विल कॉल यू इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी फोन करेन. मुदत बांधून द्यायची असेल तर ‘इन’वर विसंबू नका.

‘टिल’ आणि ‘अनटिल’ यांत अर्थाचा फरक नाही. ‘टिल’ हे ‘अनटिल’चे छोटे रूप आहे असा समज आहे, पण दोन्हींत ‘टिल’च जुना. त्यामुळे त्याच्याआधी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) लावण्याचे कारण नाही. स्पेलिंगमध्ये ‘टिल’ला दोन एल, ‘अनटिल’ला एक. वाक्याच्या सुरुवातीला आणि औपचारिक लेखनात ‘अनटिल’ बरे दिसते. ‘अप टू’ हे दोन सुटे शब्द आहेत. जोडून लिहू नका.

वेळ सोडून इतर ठिकाणच्या ‘पर्यंत’ला हे दोन्ही शब्द लावण्याचा मोह टाळा. जागेसाठी ‘पुलापर्यंत चाला’ म्हणजे ‘वॉक अ‍ॅज फार अ‍ॅज द ब्रिज’. ‘बाय द ब्रिज’ म्हणजे पुलाजवळ. जवळपणाचा हा अर्थ ‘बाय’चा फार जुना अर्थ आहे आणि ‘बायस्टँडर’मध्ये आजही दिसतो. संख्येसाठी ‘पन्नासपर्यंत माणसे’ म्हणजे ‘अप टू फिफ्टी पीपल’. वाढ-घट सांगताना तर ‘बाय’ आणि ‘टू’ यांची अदलाबदल आकडाच बदलते: तापमान 30 अंश असताना ‘रोझ बाय 5 डिग्रीज’ म्हणजे 5 अंशांनी वाढून 35 झाले, आणि ‘रोझ टू 35’ म्हणजे 35वर पोहोचले. मराठीत ‘-नी’ असेल तर ‘बाय’, ‘-वर’ किंवा ‘-पर्यंत’ असेल तर ‘टू’.

शेवटी ‘आत्तापर्यंत’. ‘टिल नाऊ आय हॅव नॉट रिसीव्हड इट’ समजते, पण ‘आय स्टिल हॅवन्ट रिसीव्हड इट’ हे जास्त स्वाभाविक. ‘टिल डेट’ भारतीय इंग्रजीत रूढ आहे; बाहेरच्या वाचकासाठी ‘टू डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा. ‘बाय नाऊ’ची जागा वेगळी आहे, आणि त्याला मराठीत ‘एव्हाना’ हा नेमका शब्द आहे. ‘इट शुड हॅव रीच्ड बाय नाऊ’ म्हणजे एव्हाना पोहोचायला हवे होते. जिथे ‘एव्हाना’ म्हणावेसे वाटेल तिथे बेधडक ‘बाय नाऊ’ लिहा.